हरलेल्या माशाने जायचे कुठे?

हीटरच्या मागे, पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन बोटांवर, काचेला अंग चिकटवून ती थांबून होती. कल्ले भराभर उघडत-मिटत होते, पर मिटलेले, शेपटीचा वरचा कोपरा फाटलेला. दिवाणखान्यातल्या दोन फुटी टाकीत अपिस्टोग्रामा जातीचे तीन मासे मी हौसेने आणले होते, एक नर आणि दोन माद्या. पहिला आठवडा घरातल्या सगळ्यांनी टाकीसमोर बसून काढला. मग एका मादीने नारळाची करवंटी बळकावली, आत अंडी घातली, अंगावर पिवळाधमक रंग चढवला आणि उरलेल्या दोघांना टाकीत कुठेही टेकू देईना. नराने दोन-चार चावे खाऊन एक कोपरा धरला. दुसरी मादी हीटरमागे गेली ती गेलीच. अकराव्या दिवशी सकाळी ती फिल्टरच्या तोंडाशी अडकलेली सापडली.

मधल्या काळात दुकानदाराला फोन केला होता. तो म्हणाला, ‘‘आणखी चार मासे सोडा, राग वाटला जाईल.’’ हा सल्ला महाराष्ट्रातल्या बहुतेक मत्स्यपालकांनी कधी ना कधी ऐकला असेल. तो सरसकट खोटा नाही, आणि म्हणूनच जास्त घातक आहे.

दुकानांत ‘ड्वार्फ सिक्लिड’ म्हणून विकले जाणारे हे मासे मुख्यतः तीन प्रकारचे. दक्षिण अमेरिकेतले अपिस्टोग्रामा, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या ओरिनोको खोऱ्यातला रॅम आणि पश्चिम आफ्रिकेतला, मुख्यतः नायजेरियाचा क्रिबेन्सिस. पाच ते दहा सेंटिमीटर लांबी, रंग डोळ्यांत भरणारे, आणि हातात घेतलेल्या अन्नाकडे पाहण्याची नजर अशी की मासा आपल्याला ओळखतो असे वाटावे. लहान मासा, लहान टाकी, झालेच तर लहान भांडण, असा हिशेब करून आपण ते घरी आणतो. पण हे कुळ आपल्याला वाटते तितके परके नाही. भिगवणला उजनीच्या काठी ताटात येणारी चिलापी याच कुळातली, आणि गोव्यातला कालुंदरही. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड अंडी राखतात, पिल्ले राखतात, पिल्लांसाठी जमिनीचा तुकडा राखतात. आपण ज्याला त्यांचा तापटपणा म्हणतो त्याचे मूळ या राखणीत आहे. ज्याच्या आईपणाचे कौतुक करायचे, त्याच माशाला खुनशी ठरवायचे, हे जमत नाही.

त्यांच्या भांडणाला एक रीत असते. दोन नर समोरासमोर आले की आधी पर फुलवून अंग मोठे दाखवतात. मग बाजूला बाजू लावून उभे राहतात आणि शेपटीने पाण्याचा झोत एकमेकांवर ढकलतात. एवढ्याने निकाल लागला नाही तर जबड्यात जबडा अडकवून रेटारेटी. कोणाला तरी कळते की समोरचा भारी आहे. तो पर मिटतो, रंग फिका करतो आणि निघून जातो. बहुतेक वेळा रक्त निघत नाही. ओढ्याच्या तळाशी, कुजलेल्या पानांच्या थरात, हाताभर सरकून पानाआड गेले की प्रकरण संपते. अपिस्टोग्रामांचे घर म्हणजे हाच पानांचा थर. त्यात एका नराच्या मोठ्या हद्दीत दोन-तीन माद्यांच्या छोट्या हद्दी मावतात, आणि प्रत्येकीला दुसरी क्वचितच दिसते.

आता हाच प्रसंग दोन फुटी टाकीत आणा. हरलेला मासा पर मिटतो, रंग फिका करतो, आणि जाऊन जाऊन जातो साठ सेंटिमीटर. तिथे काच आहे. जिंकलेला मासा वळून पाहतो तर घुसखोर अजून समोरच. शरणागतीची प्रत्येक खूण त्याने दिलेली असते, फक्त शेवटची एक, निघून जाण्याची, त्याला देता येत नाही. म्हणून पुन्हा हल्ला होतो, दहा मिनिटांनी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. निसर्गात काही मिनिटांत मिटणारे भांडण काचेत अकरा दिवस चालते. यात माशाच्या स्वभावाचा वाटा आहेच, पण घातक ठरतो तो टाकीचा आकार. आणि टाकी माशाने निवडलेली नसते.

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास विज्ञान म्हणून उभा करणाऱ्यांत कॉनराड लॉरेंझ हे मोठे नाव. कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्यासोबत त्यांना १९७३ चे नोबेल मिळाले. आक्रमकतेवरच्या त्यांच्या १९६३ च्या पुस्तकात सिक्लिड माशांची निरीक्षणे आहेत. जोडीच्या आसपास दुसरे मासे असतात तोवर नर आपला राग त्यांच्यावर काढतो. ते काढून घेतले आणि जोडी एकटी ठेवली की तोच नर आपल्या जोडीदारणीवर उलटतो, कधी तिला मारूनही टाकतो. १९६९ मध्ये ॲन रासा यांनी हाच प्रश्न आपल्याकडच्या एका माशावर तपासला. तो होता दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या निमखाऱ्या पाण्यातला नारिंगी क्रोमाइड, ज्याची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव टिपून खातात. इतका मायाळू मासा. पण शेजारी नजरेआड केले की जोडीतली आपसातली कुरबुर वाढली आणि संसार फिसकटू लागले. आक्रमकता धरणातल्या पाण्यासारखी आत साचत जाते आणि कुठून तरी बाहेर पडते, हे लॉरेंझ यांचे स्पष्टीकरण आज फारसे कोणी धरत नाही. निरीक्षण मात्र टिकून आहे. दुकानदाराच्या सल्ल्यातला खरा अर्धा भाग तो हा.

उरलेला अर्धा भाग मोठ्या टाक्यांतून उसना आणलेला आहे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड पाळणारे लोक मुद्दाम गर्दी करतात, म्हणजे एकाच माशावर सगळा मार बसत नाही. पण त्या टाक्या कित्येकशे लिटरच्या, फिल्टर दांडगे आणि पाणी बदलण्याची शिस्त कडक. दोन फुटी टाकीत काठोकाठ भरले तरी पन्नास-पंचावन्न लिटर पाणी. त्यात आणखी चार मासे सोडणे म्हणजे आणखी चौघांची विष्ठा, आणखी चौघांचा अमोनिया आणि पळायला जागा नसलेले आणखी चार जीव. अमेरिकेतल्या रोनाल्ड ओल्डफिल्ड यांनी २०११ मध्ये मिडास सिक्लिडच्या पिल्लांवर केलेला अभ्यास इथे आठवावा. लहान टाक्यांत माशांची संख्या किंवा जागा थोडीफार कमी-जास्त करून भांडणे कमी झाली नाहीत. ती कमी झाली ती सुमारे चारशे लिटरच्या, आडोशांनी भरलेल्या टाकीत. मिडास हा दांडगा मासा आहे, खुज्या सिक्लिडांना चारशे लिटर लागत नाहीत. पण ‘थोडी मोठी टाकी घ्या’ या सल्ल्याने स्वतःची समजूत घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

हे सदर आरोग्याचेही आहे, म्हणून या मारामारीची वैद्यकीय बाजू सांगायला हवी. सतत पाठलाग होणाऱ्या माशाच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढे राहते. माणसातही तेच संप्रेरक हेच काम करते. थोड्या वेळासाठी ते उपयोगी असते, पळायला बळ देते. दिवसेंदिवस चढे राहिले की भूक मरते, वाढ खुंटते आणि रोगप्रतिकारशक्ती ढासळते. मग फाटलेल्या परांवर बुरशी धरते, अंगावर पांढरे ठिपके उठतात. मालक दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणतो, पाणी निळे होते, मासा बरा होतो किंवा मरतो, आणि दोन आठवड्यांनी दुसऱ्या माशावर ठिपके येतात. घरगुती टाकीतले असे अनेक ‘आजार’ औषधाने हटत नाहीत, कारण त्यांचे कारण शेजारी पोहत असते. पाण्याची तपासणी करावीच; गरम आणि अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी होतो, आणि बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचा भरवसा नसतो. पण पाणी ठीक निघाले आणि एकच मासा पृष्ठभागाशी लपून, दोन दिवस अन्नाला शिवत नसेल, तर औषधाआधी अर्धा तास टाकीसमोर शांत बसून पाहावे की त्याला तिथे कोणी ठेवले आहे.

मग करायचे काय? पहिले उत्तर कोणालाच आवडत नाही, मलाही आवडले नव्हते. मासे कमी ठेवायचे. दोन फुटी टाकीत खुज्या सिक्लिडांची एकच जोडी. दोन नर कदापि नाहीत, आणि अपिस्टोग्रामाच्या दोन माद्याही नाहीत. ते मी महाग पडून शिकलो. एक नर आणि दोन-तीन माद्या असा संसार हवा असेल तर तीन फुटांच्या पुढची टाकी हवी. आणि हिशेब लिटरचा करायचा नाही, तळाचा करायचा. हे मासे तळाशी राहतात, हद्दी तळावर आखतात. दुकानात दीड फूट उंचीची देखणी टाकी दाखवून ‘यात पाणी जास्त मावते’ असे सांगतात. मावते. पण उंची वाढवली की पाणी वाढते, जमीन तेवढीच राहते. दोन फूट बाय एक फूट म्हणजे दोन चौरस फूट. टाकी छतापर्यंत नेली तरी दोनच.

दुसरे काम नजर तोडण्याचे. टाकीसमोर गुडघ्यावर बसावे, डोळा तळाच्या पातळीला आणावा आणि एका टोकापासून दुसरे टोक दिसते का पाहावे. आपल्याला दिसत असेल तर माशालाही दिसते. बहुतेक घरांतली सजावट उभ्या माणसाच्या नजरेसाठी मांडलेली असते. मागच्या काचेला झाडे, मध्ये मोकळे मैदान, एका बाजूला प्लास्टिकचा किल्ला. माशाच्या नजरेने हे मैदान म्हणजे आडोसा नसलेली कुस्तीची आखाडी. ते मोडायचे. मध्यभागी ओंडका किंवा दगडांची रास अशी ठेवावी की टाकीच्या दोन खोल्या व्हाव्यात. दगड वाळूवर नको, थेट काचेच्या तळावर टेकवावेत, कारण हे मासे उकरतात आणि रास ढासळते. गुहा म्हणून करवंटीसारखी स्वस्त आणि चांगली वस्तू नाही. उकळून, काथ्या काढून, कडेला मादी जेमतेम शिरेल एवढेच छिद्र पाडावे, म्हणजे नराला आत जाता येत नाही. दोन करवंट्या असतील तर दोन टोकांना, तोंडे विरुद्ध दिशेला. रॅमला गुहा लागत नाही, तो सपाट दगडावर अंडी घालतो. त्याला असा दगड आडोशाला द्यावा. आणि तळावर पसरायला बदामाची वाळलेली पाने. सोसायटीच्या फाटकाशी जो लाल पाने गाळणारा देशी बदाम असतो त्याचीच; फवारणी झालेली नसावी, धुऊन भिजत घालून मग टाकावीत. पाणी चहासारखे होते, घरच्यांना घाण वाटते. माशांना ते घर वाटते.

आता ‘आणखी मासे’ या सल्ल्यातला कामाचा भाग. अमेरिकी वर्तनशास्त्रज्ञ जॉर्ज बार्लो यांनी १९६८ मध्ये एक युक्ती लिहून ठेवली. बुजरे सिक्लिड लपून बसू नयेत म्हणून टाकीत वरच्या थरात पोहणारे छोटे, निरुपद्रवी मासे सोडायचे. ते निवांत पोहताना दिसले की खालच्यांना वाटते, धोका नाही. जोडीचे लक्षही एकमेकांवरून थोडे हटते. आपल्याच नद्यांतला झेब्रा डॅनिओ वरच्या थरात राहतो, पण तो फार चपळ आहे, संथ रॅमचे अन्न पळवतो. त्यापेक्षा छोटे रासबोरा किंवा टेट्रा बरे. सहा-सात, त्याहून जास्त नकोत. तळाशी राहणारे कोरिडोरास मात्र या जोडीबरोबर लहान टाकीत ठेवू नयेत. त्यांना हद्द नावाची गोष्ट कळत नाही, ते रात्री अंड्यांपर्यंत पोचतात आणि डोळे फुटेपर्यंत मार खातात.

अंडी घातल्यावरचे दिवस सगळ्यांत अवघड. अपिस्टोग्रामाची मादी पिवळी झाली आणि अंगावर काळ्या खुणा उमटल्या की ती नराच्या निम्म्या आकाराची असली तरी टाकीची मालकीण असते. मोकळ्या पाण्यात नर बाहेरची हद्द राखत दूर फिरतो. लहान टाकीत त्याला दूर असे काही नसते, म्हणून त्याला बाजूला काढावे किंवा मध्ये जाळीचा पडदा लावावा. रॅम आणि क्रिबेन्सिसची गोष्ट वेगळी, तिथे दोघे मिळून पिल्ले सांभाळतात. तिथे जोडी तोडू नये, इतर मासे हलवावेत.

एखादा मासा सतत मारतच असेल तर बहुतेक लोक मार खाणाऱ्याला बाहेर काढतात. जखमी असेल तर काढावेच, पण तेवढ्याने थांबू नये. मारणारा जागेवर राहिला की दुसऱ्या दिवशी नवा बळी शोधतो. त्यालाही चार-पाच दिवस दुसऱ्या भांड्यात ठेवावे, तोवर दगड-ओंडक्यांची मांडणी पूर्ण बदलावी आणि दिवे मालवल्यावर परत सोडावे. ओळखीच्या खुणा हरवल्या की त्याची हद्दही हरवते, आणि त्याला पाहुण्यासारखे सुरुवातीपासून वागावे लागते. नवा मासा आणतानाही हेच करावे. हे नेहमी जमते असे नाही. दोन वेळा करूनही पाठलाग थांबला नाही तर ती जोडी जमणार नाही असे समजावे, आणि वेगळे करावे.

तापमानाचा मुद्दा आपल्याकडे उलटा येतो. रॅमला २७ ते ३० अंश लागतात, अपिस्टोग्रामांना त्याहून थोडे कमी. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात टाकीचे पाणी सहज तिशीपार जाते. उबेत मासे अधिक चळवळे होतात आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. त्यातच जर्मनीतल्या उवे र्‍योमर आणि वोल्फगांग बायझेनहेर्त्स यांनी १९९६ मध्ये ३७ जातींच्या अपिस्टोग्रामांवर दाखवून दिले की पिल्ले नर होणार की मादी, हे बऱ्याच जातींत पाण्याच्या तापमानावरही अवलंबून असते. पाणी जितके गरम, तितके नर जास्त. म्हणजे उन्हाळ्यात घरी पिल्ले वाढवणाऱ्याला पावसाळ्यात नरांचीच फौज हाती लागण्याची शक्यता जास्त, आणि त्यातले दोन एका टाकीत मावत नाहीत.

हे सगळे ग्राहकाने कुठून शिकायचे? दुकानात माशाच्या पिशवीवर किंमत असते. पूर्ण वाढलेला मासा केवढा होतो, त्याला किती तळ लागतो, एका टाकीत किती ठेवावेत, हे कुठेच नसते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम अधिसूचित केले होते. व्यावसायिकांनी जोरदार विरोध केला आणि ते मागे घेतले गेले. त्या नियमांत अतिरेक होता, असे विक्रेते म्हणतात, आणि काही बाबतींत त्यांचे म्हणणे रास्त होते. पण अतिरेकी नियम गेल्यावर साधा नियमही आला नाही. प्रत्येक टाकीवर तीन ओळींची पाटी लावायला कोणाचा धंदा बुडणार नाही. पूर्ण लांबी, किमान तळ, सोबत किती. परत आणलेला मासा घ्यायची तयारीही दुकानाने ठेवावी, अर्ध्या किमतीत का होईना. ही सोय नसल्यामुळेच भांडखोर मासा शेवटी जवळच्या तलावात किंवा नदीत सोडला जातो, आणि सोडणाऱ्याला वाटते आपण त्याला जीवदान दिले. ज्या चिलापीचा उल्लेख वर आला, तिची आफ्रिकेतली एक जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली, आणि आज देशभरच्या जलाशयांतून ती काढून टाकणे कोणालाही शक्य नाही. टाक्यांतून सुटलेल्या सकरमाशाने तर मच्छीमारांची जाळी फाडायला सुरुवात करून बरीच वर्षे झाली. रॅम आपल्या तलावात कदाचित जगणार नाही. त्याच्या अंगावरचे रोगजंतू जगू शकतात.

माझ्या टाकीतली पिवळी मादी पिल्ले मोठी झाल्यावर परत करडी झाली, आणि मग नराची पाळी आली; तो तिला करवंटीतून बाहेर पडू देईना. तिला तीन फुटी टाकी असलेल्या एका ओळखीच्यांकडे दिले. तिथे तिला ओंडक्यामागची जागा मिळाली आहे, असे ते सांगतात. दोन फुटांत आता नर एकटाच आहे, वर सात रासबोरा. हीटर मी काचेपासून थोडा पुढे सरकवला आहे, त्याच्या मागे कोणाला अडकून राहता येणार नाही इतका.